ड्रग टेस्टचं सॅम्पल घेणारी कलेक्टर व्हायचंय ना, मग सर्टिफिकेट बाजूला ठेवा आणि आधी पाच मॉक म्हणजे सरावाची कलेक्शन्स द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही इथे अमेरिकेत एका क्लिनिकमध्ये फ्लेबॉटॉमिस्ट म्हणजे रक्ताचे नमुने घेणाऱ्या आहात, मॅनेजरने सांगितलं की आता ट्रक ड्रायव्हर लोकांचं ड्रग टेस्टचं युरिन कलेक्शन पण तुम्हीच बघा, तुम्ही दोन तासांचा ऑनलाइन व्हिडिओ कोर्स केला, शेवटी क्विझ दिली आणि हातात पीडीएफ आली, त्यावर लिहिलंय ‘डीओटी सर्टिफाइड कलेक्टर’, वर आणखी ‘लाइफटाइम’. आता विचारताय की सोमवारपासून सुरू करू का, आणि पुरुष ड्रायव्हर आले तर काय करायचं.

सरळ उत्तर: सोमवारी बसू नका. तुमचं ट्रेनिंग अर्धं झालंय, आणि राहिलेलं अर्धंच जास्त महत्त्वाचं आहे. मी हे काम चौदा वर्षं करतेय, त्यातली आठ वर्षं शिकवतेय पण, आणि हाच घोटाळा मी इतक्यांदा बघितलाय की जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, डीओटी म्हणजे डिपार्टमेंट ऑफ ट्रान्सपोर्टेशन कोणत्याच कलेक्टरला सर्टिफाय करत नाही. सरकारी परीक्षा नाही, लायसन्स नाही, कोणाची यादी नाही की ज्यात तुमचं नाव येईल. कोर्सनासुद्धा ते मान्यता देत नाहीत. त्यामुळे ‘डीओटी सर्टिफाइड’ हे शब्द कोणी छापले तर ते त्या कंपनीचे स्वतःचे शब्द आहेत. डीओटीने काय केलंय तर नियम लिहिलाय, ४९ सीएफआर पार्ट ४० (सीएफआर म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांचा संग्रह), आणि त्यातल्या ४०.३३ या कलमात कलेक्टरने काय काय शिकलेलं आणि करून दाखवलेलं पाहिजे ते सांगितलंय. ते सगळं पूर्ण केलंत आणि त्याचे कागद तुमच्याकडे असले की तुम्ही क्वालिफाइड. कागद नसले तर भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये सर्टिफिकेट लावलेलं असलं तरी नाही. आणि नर्स असो, लॅब टेक्निशियन असो, तुमच्यासारखी रोज पन्नास जणांचं रक्त काढणारी असो, कोणालाच सूट नाहीये. खरं सांगायचं तर ज्यांचा हात मेडिकल कामात बसलेला असतो त्यांनाच हे शिकवताना मला जास्त वेळ लागतो कारण त्यांच्या डोक्यात पेशंट असतो, आणि इथे समोरचा माणूस पेशंट नाहीये, त्याची नोकरी त्या बाटलीवर अवलंबून असलेला कामगार आहे.

आता ४०.३३ मध्ये काय आहे. एक तर तुम्हाला पार्ट ४० माहीत पाहिजे, डीओटीची युरिन कलेक्शनची गाइडलाइन्स माहीत पाहिजे (फुकट आहे, त्यांच्या ओडीएपीसी म्हणजे ड्रग-अल्कोहोल टेस्टचं धोरण बघणाऱ्या ऑफिसच्या साइटवर मिळते, प्रिंट काढून ठेवा), आणि त्यांच्या ईमेल लिस्टला सबस्क्राइब करणं पण बंधनकारक आहे म्हणजे नियम बदलला की तुम्हाला कळलं पाहिजे. हे बहुतेक जण करतच नाहीत, पाच मिनिटांचं काम आहे, आजच करून टाका. दुसरं म्हणजे क्वालिफिकेशन ट्रेनिंग, त्यात कलेक्शनच्या सगळ्या स्टेप्स, फॉर्म भरणं आणि पाठवणं, अडचणीची कलेक्शन्स, फेटल फ्लॉ म्हणजे टेस्टच रद्द करणाऱ्या चुका कुठल्या आणि सुधारता येणाऱ्या चुका कुठल्या, आणि समोरच्याची प्रायव्हसी, सॅम्पलची सुरक्षितता, बोलण्यावागण्यात त्याचा अपमान होणार नाही याची काळजी. हा भाग व्हिडिओवर चालतो. तुमचं एवढंच झालंय.

तिसरं जे राहिलंय ते प्रोफिशियन्सी डेमॉन्स्ट्रेशन. सलग पाच मॉक कलेक्शन्स, एकही चूक नाही, आणि एक क्वालिफाइड माणूस तुमच्याकडे बघत असताना. ‘सलग’ हा शब्द नीट लक्षात घ्या, चौथ्यात चुकलात तर परत एकपासून. पाचातली दोन साधी, काही गडबड न होणारी. एक जिथे लघवी कमी पडते. एक जिथे तापमान रेंजच्या बाहेर आहे. आणि एक जिथे डोनर म्हणजे सॅम्पल देणारा फॉर्मवर सही करायला आणि बाटलीच्या सीलवर इनिशियल्स टाकायला नकार देतो. बघणारा माणूस समोर असायला पाहिजे किंवा लाइव्ह व्हिडिओवर, म्हणजे तुम्ही करताय ते त्याला त्याच क्षणी दिसतंय आणि तो तुमच्याशी बोलू शकतोय असं. स्वतःचं रेकॉर्डिंग करून पाठवलं तर ते चालत नाही. आणि शेवटी त्याने लेखी द्यायचं की ही पाचही मॉक्स एरर-फ्री झाली. तो लेखी कागद हाच तुमचा खरा पुरावा.

बघणारा कोण असू शकतो ते पण विचारून घ्या. तो स्वतः क्वालिफाइड कलेक्टर पाहिजे, आणि वर त्याने किमान एक वर्ष नियमित डीओटी कलेक्शन्स केलेली असावीत, किंवा वर्षभर कलेक्टर ट्रेनिंग दिलेलं असावं, किंवा ट्रेन-द-ट्रेनर म्हणजे शिकवणाऱ्यांसाठीचा कोर्स पूर्ण केलेला असावा. तुमच्या क्लिनिकमध्ये आधीची कोणी कलेक्टर वर्षभर काम करत असेल तर ती तुमची मॉक्स घेऊ शकते, बाहेर पैसे भरायची गरजच नाही. फक्त तिचे स्वतःचे कागद आधी बघा, लाजू नका. तिचेच अर्धवट असतील तर तुमचे आपोआप अर्धवट झाले.

मॉक्सबद्दल जरा थांबून सांगते कारण माणूस कळतो तो इथे. मी कोमट पाण्यात खायचा पिवळा रंग टाकते आणि डोनर मीच होते, आणि डोनर म्हणून मी जेवढा त्रास देता येईल तेवढा देते, खिशात गाडीची किल्ली ठेवते, जॅकेट काढत नाही, हात धुवायला विसरते, फ्लश करते. साध्या कलेक्शनमध्येच निम्मी माणसं अडकतात. फोटो आयडी बघायचा, वरचे कपडे म्हणजे जॅकेट टोपी वगैरे काढायला लावायचे, खिसे रिकामे करून दाखवायला लावायचे, हात धुवून घ्यायचे, टॉयलेटच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असायला पाहिजे आणि नळ किंवा दुसरा पाण्याचा सोर्स बंद किंवा सील केलेला. कंटेनर दोघांच्या समोर उघडायचा. मग माणूस आत जातो, दार लागतं, बाहेर आल्यावर कंटेनर थेट तुमच्या हातात. तिथून पुढे चार मिनिटांच्या आत तापमान वाचायचं, ९० ते १०० फॅरनहाइट म्हणजे ३२ ते ३८ सेल्सिअस. किमान ४५ मिलिलिटर पाहिजे, कारण ए म्हणजे मुख्य बाटलीत ३० आणि बी म्हणजे राखीव बाटलीत १५ जायचंय. ओतायचं तुम्ही, सील लावायचं तुम्ही, तारीख टाकायची तुम्ही, आणि डोनरने इनिशियल्स टाकायच्या त्या सील बाटलीवर चिकटवल्यानंतर, आधी फॉर्मवर असतानाच टाकून घेतल्या तर ती चूक. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर, बाटली सील होईपर्यंत त्याची नजर आणि तुमची नजर दोन्ही सॅम्पलवर पाहिजे. त्याला ‘बसा तिकडे, मी करते’ म्हणायचं नाही. मी मॉकमध्ये मुद्दाम मोबाइल बघायला लागते, तेव्हा शिकणाऱ्याने मला म्हणायला हवं की प्लीज इकडे बघा. बहुतेक जण म्हणत नाहीत. तिथे मी थांबवते आणि परत एकपासून.

कमी पडलेल्या मॉकमध्ये लोक घाईने सॅम्पल टाकून देतात. टाकायचंच असतं, पण आधी तापमान बघा. कमी आहे पण तापमान बरोबर आहे आणि छेडछाडीची काही खूण नाही, मगच टाका. त्यानंतर शाय ब्लॅडरची म्हणजे पुरेशी लघवी होत नाही तेव्हाची प्रोसिजर, पहिल्या अपयशी प्रयत्नाची वेळ फॉर्मच्या रिमार्क्समध्ये लिहायची, तिथपासून तीन तास, आणि त्या तीन तासांत ४० औंसपर्यंत पाणी थोडं थोडं करून प्यायला सांगायचं. सांगायचं म्हणजे सांगायचं, जबरदस्ती नाही, तो पाणी पीत नाही म्हणाला तर तो रिफ्यूजल म्हणजे टेस्टला नकार होत नाही. दोन वेळचं थोडं थोडं एकत्र करून ४५ भरवायचं नाही, हे तर कधीच नाही. तीन तास झाले आणि तरी जमलं नाही तर कलेक्शन तिथे थांबवायचं, डीईआरला म्हणजे कंपनीच्या नेमलेल्या माणसाला लगेच कळवायचं, पुढे डॉक्टरकडून पाच दिवसांत तपासणी वगैरे त्यांचं काम. मी असे ड्रायव्हर बघितलेत जे खरंच घाबरून करू शकत नाहीत, घाम फुटतो, हात थरथरतात. त्यांना चोर समजू नका.

तापमानाच्या मॉकला मी थंड पाणी आणते, कंटेनरवरच्या तापमानाच्या स्ट्रिपवर काहीच आकडा दिसत नाही. इथे शिकणारे गोंधळतात कारण त्यांना वाटतं हे सॅम्पल आता बाद. बाद नाही. ते पण सील करून पाठवायचं, आणि लगेच दुसरं कलेक्शन घ्यायचं ते डायरेक्ट ऑब्झर्वेशनखाली म्हणजे कोणीतरी प्रत्यक्ष बघत असताना, वेगळ्या फॉर्मवर, आणि दोन्ही फॉर्मच्या रिमार्क्समध्ये एकमेकांचा उल्लेख करायचा म्हणजे लॅबला आणि एमआरओला कळेल की ही जोडी आहे. एमआरओ म्हणजे मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, रिझल्ट तपासणारा डॉक्टर. आणि डोनरला का ते सांगायचं, आवाज न चढवता, ‘तापमान रेंजमध्ये नाही म्हणून नियमाप्रमाणे दुसरं घ्यावं लागतंय’ एवढंच. ‘तुम्ही काहीतरी केलंय’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये.

सही नाकारणाऱ्याच्या मॉकमध्ये जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. मी म्हणते सही करणार नाही, आणि समोरचा लगेच म्हणतो की मग हे रिफ्यूजल झालं. नाही झालं! सही न करणं किंवा सीलवर इनिशियल्स न टाकणं हा टेस्टला नकार नाही. तुम्ही रिमार्क्समध्ये लिहायचं की डोनरने सही करायला नकार दिला आणि कलेक्शन पूर्ण करून पाठवायचं, बस. नाव आणि बाकी माहिती असेल ती तुम्ही भरायची. विचार करा, एखाद्या माणसाला राग आलाय, त्याला वाटतंय आपल्यावर अन्याय होतोय, तो सही करत नाही, आणि कलेक्टरने चुकून त्याला रिफ्यूजल म्हटलं तर पॉझिटिव्ह टेस्टसारखेच परिणाम, गाडी चालवणं बंद. आणि मुळात रिफ्यूजल ठरवणं हे कलेक्टरचं काम नाही. तुम्ही जे घडलं ते लिहायचं आणि डीईआरला कळवायचं, निर्णय पुढच्यांचा.

आता माझी गोष्ट सांगते, कारण मी शिकवायला लागले ते यामुळेच. दुसऱ्या वर्षी रात्री उशिरा एका ट्रकिंग यार्डमध्ये पोस्ट-अ‍ॅक्सिडेंट कलेक्शनला गेले होते. ड्रायव्हर पन्नाशीचा, दुसऱ्या गाडीतला माणूस हॉस्पिटलमध्ये, आणि हा सारखं म्हणत होता की टेस्ट घ्या, मला सगळ्यांना दाखवायचंय की मी काही घेतलेलं नव्हतं. त्याला रडू येत होतं. मी त्याला धीर देत देत सगळं केलं, सॅम्पल उत्तम, तापमान उत्तम, सील व्यवस्थित. फेडरल सीसीएफ, म्हणजे कस्टडी अँड कंट्रोल फॉर्म, पाच कॉपींचा असतो, आणि डोनरची सही स्टेप ५ मध्ये असते ती दुसऱ्या कॉपीवर, म्हणून पान उलटावं लागतं, आणि मग परत पहिल्या पानावर येऊन कलेक्टरने स्टेप ४ भरायची असते, छापील अक्षरात नाव, सही, तारीख, वेळ, कुरिअरचं नाव. मी पान उलटून त्याची सही घेतली, त्याच्याशी बोलत बसले, आणि पहिल्या पानावर परत आलेच नाही. नाव नाही, सही नाही. नुसती सही राहिली असती आणि नाव असतं तर मी लेखी स्टेटमेंट देऊन सुधारता आलं असतं. दोन्ही नाही म्हणजे फेटल फ्लॉ. लॅबने रिजेक्ट केलं, एमआरओने टेस्ट कॅन्सल केली.

आणि कॅन्सल झालेली पोस्ट-अ‍ॅक्सिडेंट टेस्ट परत घेता येत नाही. ट्रक ड्रायव्हरांसाठी अपघातानंतर ड्रग टेस्टला ३२ तास असतात, लॅबकडून फोन आला तोपर्यंत ते कधीच उलटून गेले होते. त्या माणसाकडे स्वतःच्या बाजूचा एकच पुरावा होता आणि तो माझ्यामुळे गेला. त्याने मला काही म्हटलं नाही, त्याच्या कंपनीनेच कळवलं. मला आजही त्याचा चेहरा आठवतो. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय आणि प्रत्येकाला लावते: बॅग सील करण्याआधी फॉर्म पहिल्या पानावर आणायचा आणि बोट ठेवून वरून खाली वाचायचं, स्टेप १, २, ३, ४, मोठ्याने नाही पण ओठ हलले पाहिजेत. डोनर समोर बसलेला असतानाच. तो गेल्यावर नाही.

अशी चूक झाली आणि टेस्ट कॅन्सल झाली की कलेक्टरला कळवल्यापासून ३० दिवसांत एरर करेक्शन ट्रेनिंग करावं लागतं, ज्या भागात चुकलात त्याचं, आणि परत तीन सलग एरर-फ्री मॉक्स, एक साधं आणि दोन त्या चुकीशी संबंधित. मी केलं. बऱ्याच जणांना हे ट्रेनिंग म्हणजे शिक्षा वाटते आणि ते क्लिनिकपासून लपवतात, तसं करू नका. चूक झाल्याचा मेल आला की लगेच मॅनेजरला सांगा आणि तारीख ठरवा. नुसती कॅन्सल झालेली टेस्ट एक वेळ निस्तरते पण त्यानंतरचं ट्रेनिंगच केलं नाही तर तुम्ही क्वालिफाइड राहत नाही, आणि ते न करता पुढे घेतलेल्या प्रत्येक कलेक्शनवर प्रश्न येतो.

फेटल फ्लॉ बाकीचे पण पाठ करा, यादी छोटी आहे. बाटलीवरचा आणि फॉर्मवरचा स्पेसिमेन आयडी नंबर जुळत नाही, ए बाटलीचं सील तुटलेलं आहे आणि बी बाटली तिच्या जागी वापरता येत नाही, लघवी पुरेशी नाही आणि तिथेही बी वापरता येत नाही, एकाच फॉर्मवर दोन कलेक्शन्स, फॉर्म आहे पण सॅम्पल नाही किंवा सॅम्पल आहे पण फॉर्म नाही. हे सगळं कलेक्टरच्याच टेबलावर घडतं किंवा टळतं. सुधारता येणाऱ्या चुकांबद्दल फोन आला तर त्याच कामाच्या दिवशी लेखी उत्तर द्यायचं, उद्या देते म्हणायचं नाही.

तुम्ही ‘लाइफटाइम’ बद्दल विचारलं होतं ते राहिलं. लाइफटाइम असं काही नसतं. दर पाच वर्षांनी रिफ्रेशर, त्यात परत सगळं ट्रेनिंग आणि परत पाच मॉक्स. तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, मी चार वर्षं नऊ महिन्यांवर टाकते. आणि एक फाइल करा ज्यात ट्रेनिंगचा पुरावा, मॉक्सचा लेखी दाखला, मॉक्स घेणाऱ्याच्या स्वतःच्या क्वालिफिकेशनची कॉपी, रिफ्रेशर, एरर करेक्शन झालं असेल तर ते. डीओटीची माणसं किंवा तुमच्या सर्व्हिसेस वापरणारे एम्प्लॉयर मागू शकतात आणि तुम्हाला द्यावे लागतात. ही फाइल तुमची आहे, क्लिनिकची नाही, नोकरी सोडलीत तर बरोबर न्या. मी एका जागेहून निघताना कॉपी न घेता निघाले आणि पुढच्या जागी सगळं परत करावं लागलं.

कोणी विचारेल की एवढं कडक का. १९८७ च्या ४ जानेवारीला मेरीलँडमधल्या चेसजवळ कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची इंजिनं अ‍ॅमट्रॅकच्या पॅसेंजर गाडीच्या वाटेत आली, १६ जण गेले, आणि कॉनरेलच्या क्रूने मारिवाना ओढलेला होता हे निघालं. नंतर १९९१ चा ओम्निबस ट्रान्सपोर्टेशन एम्प्लॉयी टेस्टिंग अ‍ॅक्ट आला आणि ट्रक, रेल्वे, विमान, ट्रान्झिट अशा सेफ्टीच्या कामांवरच्या लोकांना टेस्टिंग बंधनकारक झालं. टेस्टिंग हवंच, मला त्यात शंका नाही. पण ज्या कायद्याने तुम्ही एखाद्याच्या शरीरातून बाहेर पडलेली गोष्ट मागताय त्या कायद्याने त्याला पण संरक्षण दिलंय, आणि त्याच्या बाजूचं ते संरक्षण त्या खोलीत फक्त कलेक्टरच्या हातात असतं. दुसरं कोणीच तिथे नसतं.

म्हणून काही गोष्टी ज्या क्लिनिकच्या सवयीने तुमच्या तोंडून निघतील त्या आधीच तोडा. ‘कुठली औषधं घेता?’ हे विचारायचं नाही. त्याला आठवणीसाठी लिहून ठेवायचं असेल तर त्याच्या स्वतःच्या कॉपी ५ च्या मागे लिहू दे, ती त्याच्याकडेच राहते, औषधांबद्दल बोलायचं ते एमआरओ बोलेल. क्लिनिकचा कन्सेंट फॉर्म किंवा जबाबदारी सोडल्याचा कागद डीओटी टेस्टसाठी सही करून घ्यायचा नाही, रिसेप्शनवाल्यांना पण सांगून ठेवा, ते सवयीने पुढे करतात. अल्कोहोल टेस्ट पण असेल तर शक्यतो आधी ती. आणि कॉपी २ एमआरओला, कॉपी ४ डीईआरला २४ तासांत किंवा पुढच्या कामाच्या दिवशी जायला हव्यात, सॅम्पल पण तसंच, तुमची कॉपी ३ किमान ३० दिवस ठेवायची.

बाकी थोडक्यात. अल्कोहोलची ब्रेथ टेस्ट या ट्रेनिंगमध्ये येत नाही, त्याला बीएटी म्हणजे ब्रेथ अल्कोहोल टेक्निशियन म्हणून वेगळं ट्रेनिंग आहे आणि तिथे सलग सात मॉक्स लागतात. ओरल फ्लुइड म्हणजे लाळेच्या टेस्टचा नियम मे २०२३ मध्ये आला, त्यालाही वेगळं ट्रेनिंग, आणि ते ज्या डिव्हाइसवर काम करणार त्याच डिव्हाइसचं. युरिनच्या कागदावर लाळ घेता येत नाही. आणि सगळ्याच कंपन्या डीओटीखाली नसतात, ऑफिस, गोदाम वगैरेच्या टेस्ट नॉन-डीओटी असतात, तिथे त्या त्या राज्याचा कायदा आणि कंपनीची पॉलिसी चालते, आणि तिथे फेडरल फॉर्म वापरायचा नाही. दोन्ही टेस्ट एकाच माणसाच्या असतील तर डीओटी आधी पूर्ण करा. मी नॉन-डीओटीला पण पार्ट ४० ची शिस्त ठेवते, हात एकाच पद्धतीने चालतो मग.

आता पुरुष ड्रायव्हरांचं. बघा, नेहमीच्या कलेक्शनमध्ये तुम्ही बाई आहात की पुरुष याने काही फरक पडत नाही. तो दार लावून एकटा आत जातो, तुम्ही बाहेर उभ्या, त्यामुळे संकोच करू नका आणि त्यालाही करू देऊ नका. पहिले काही दिवस अवघड वाटतं, मलाही वाटलं होतं, आपल्याकडे अशा विषयावर परक्या पुरुषाशी बोलायची सवयच नसते, पण दहा-बारा कलेक्शन्सनंतर ती वाक्यं तोंडात बसतात. वेगळी गोष्ट आहे डायरेक्ट ऑब्झर्वेशनची. रिटर्न-टू-ड्यूटी (नियम मोडल्यानंतर कामावर परतण्याआधीची) आणि फॉलो-अप (परतल्यानंतरची) टेस्ट तशाच घ्यायच्या असतात, आणि वर सांगितलं तसं तापमान किंवा छेडछाडीवरून पण होतं. तिथे बघणारा त्याच जेंडरचा असलाच पाहिजे, अपवाद नाही. तुम्ही कलेक्टर राहू शकता पण ऑब्झर्वर पुरुष आणायचा, तो क्वालिफाइड कलेक्टर असायची गरज नाही, पण त्याला काय करायचं ते तुम्ही आधी नीट सांगायचं: डोनरने शर्ट कमरेच्या वर, पँट आणि आतले कपडे मांडीच्या मध्यापर्यंत, गोल फिरून दाखवायचं की काही नळी-पिशवी लावलेली नाही, मग कपडे परत नीट करून, आणि लघवी शरीरातून कंटेनरमध्ये जाताना ऑब्झर्वरने प्रत्यक्ष बघायची. कंटेनर ऑब्झर्वरने हातात घ्यायचा नाही, डोनरनेच आणून तुमच्या हातात द्यायचा, आणि ऑब्झर्वरचं नाव रिमार्क्समध्ये. मॅनेजरला सोमवारच्या आधीच विचारा की क्लिनिकमध्ये पुरुष ऑब्झर्वर कोण असेल आणि तो जेवायला गेला असेल तेव्हा कोण. याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर ड्रायव्हर खोलीत उभा असताना धावपळ होते आणि चुका तिथेच होतात.

मॉक्स घेणारं कोणी मिळालं नाही तर मला मेसेज करा. शनिवारी सकाळी व्हिडिओवर मी घेऊ शकते, तुमच्याकडे दोन-तीन किट्स, प्रॅक्टिसचे पाच-सात फॉर्म, थर्मामीटर आणि डोनर बनायला घरातलं कोणीतरी असलं म्हणजे झालं. त्यांना आधीच सांगून ठेवा की त्रास द्यायचा आहे.